चूल घेताना आधी नंबर बघा



1 जूनपासून बंदी. दोन महिने हातात पैसा कमी, म्हणून गॅस जपून वापरायचा आणि आंघोळीचं पाणी, पेज चुलीवर. बाहेर पाऊस, दारं-खिडक्या बंद. सगळा धूर बायका-पोरांच्या छातीत.

"धूर कमी" म्हणून विकतात त्या सगळ्याच चुली तशा नसतात. लाकडाची नवी चूल घेताना आयएस 13152 हा मानक नंबर आहे का ते दुकानदाराला विचारा. या मानकात एक मेगाज्यूल उपयोगी उष्णतेमागे धुराच्या कणांची मर्यादा बिनपंख्याच्या चुलीला 350 मिलिग्रॅम, पंख्याच्या चुलीला 150. म्हणजे पंख्यावालीला नियम दुपटीहून कडक. पण तिचा पंखा विजेवर चालतो, लाकूडही बारीक फोडून घालावं लागतं. आपला पाण्याचा टोप तिच्यावर नीट बसतो का तेही बघा.

ओली झावळी, ओलं सोडण घातलं तर चांगली चूलसुद्धा धूर करणारच. जळण आताच सुकवून आत घ्या, चूल पडवीत मांडा. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत कधीच नको. तिच्या विषारी वायूला वास नसतो, कळेपर्यंत उशीर होतो.

आपला,
सेक्रेटरी