शिडाच्या बोटीला पंखा कोणता: मिटणारा की वळणारा?

नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये 'तारिणी'तून पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती शिडांच्या जोरावर. पण अशा बोटींनाही इंजिन असतं. बंदरात शिरताना किंवा वारा पडल्यावर ते लागतं. एरवी ते बंद, आणि पाण्याखालचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, नुसता आडवा येतो. त्याची पाती पाणी अडवतात, वेग घटतो.

यावर दोन उपाय. फोल्डिंग प्रोपेलरची पाती पाण्याच्या रेट्याने मागे मिटतात, छत्रीसारखी. फेदरिंगची पाती जागच्या जागी वळून प्रवाहाला फक्त कड दाखवतात.

वेगात फोल्डिंग किंचित सरस. दोऱ्या अडकण्याची शक्यता कमी, सहसा स्वस्तही.

खरी परीक्षा रिव्हर्समध्ये. बोटीला ब्रेक नसतो. धक्क्याजवळ थांबायचं तर पंखा उलटा फिरवायचा. तेव्हा फोल्डिंगच्या पात्यांवरचा पाण्याचा जोर त्यांना पुन्हा मिटवू पाहतो. फेदरिंगची पाती मात्र उलटी वळतात, त्यामुळे पुढे जाताना पाणी कापणारी कडच मागे जातानाही कामी येते. बोट लवकर थांबते. म्हणून गर्दीच्या धक्क्यावर नेहमीची ये-जा असेल तर मी फेदरिंगच म्हणेन, महाग असला, वेळोवेळी ग्रीस भरावं लागलं तरी. शर्यतीसाठी फोल्डिंग.

दोन्हींबाबत एक लक्षात ठेवा: इंजिन बंद केल्यावरही शाफ्ट मोकळा फिरत राहिला, तर पाती ना मिटतात ना वळतात. गिअर टाकून शाफ्ट थांबवावा लागतो. कोणता गिअर, ते प्रोपेलरच्या आणि गिअरबॉक्सच्या माहितीपुस्तिकेत बघा.