अंगणातली हरळी अन् वावरातला ऊस



अंगणात हिरवळ लावा म्हटले की आपल्या ढाणकीकडचा माणूस हसतो. "जी हरळी वावरातून काढता काढता कंबर मोडली, ती दारात कशाला लावायची?" प्रश्न रास्त आहे. पण ऊस काय अन् हरळी काय, दोन्ही गवताच्याच कुळातल्या. ज्याला ऊस सांभाळता येतो त्याला दारची बाग जड नाही. शिवाय अंगणाकडे लक्ष ठेवले तर उसाचेही नुकसान टळते.

पावसाळा : आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते. म्हणून अंगणाला थोडा उतार द्यावा. मृगाच्या पावसावर हरळीच्या गाठीदार कांड्या वीतभर अंतराने लावाव्यात. भोवती विटांची कड घालावी, म्हणजे ती वावराकडे पळणार नाही.

हिवाळा : गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात, मोगऱ्याची जानेवारीत करावी. नंतर चांगले कुजलेले शेणखत द्यावे. उसात टू-फोर-डी मारलेला पंप या झाडांना मुळीच वापरू नये. ते औषध उसाला सोसते, पण गुलाब, वांगी, टोमॅटो यांची पाने आकसून जातात.

उन्हाळा : विहिरीने तळ गाठला असता हिरवळीवर पाणी उधळणे शहाणपणाचे नाही. हरळी पिवळी पडली तरी मुळे जिवंत राहतात; पाऊस आला की ती पुन्हा फुटते. असेल ते पाणी फुलझाडांना, तेही सकाळी द्यावे. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी वाया घालवू नये. बुडाशी चार बोटे पाचट पसरावे. पाचट जाळून राख करण्यापेक्षा त्याने ओल राखली तर काय वाईट?

आता मुख्य गोष्ट. वळवाचा पाऊस झाला की दिवेलागणीला जमिनीतून तपकिरी भुंगेरे निघतात आणि दारच्या कडुनिंबावर, बांधावरच्या बाभळीवर पाला खायला जमतात. हीच हुमणीची आई! ती मातीत अंडी घालते. त्यातून निघणारी पांढरी, वाकडी अळी मुळे कुरतडते. मग हिरवळ चटईसारखी उचलली जाते अन् उसाचे बेट वाळून हाताने सहज उपटून येते. ऑगस्ट-सप्टेंबरात हे दिसेपर्यंत वेळ गेलेली असते.

म्हणून पहिल्या पावसानंतर रोज संध्याकाळी काठीने फांद्या हलवाव्यात. पडलेले भुंगेरे वेचून रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवावेत. पोरंसोरंही आनंदाने गोळा करतील. रॉकेलचे काम मात्र मोठ्यांनी करावे. हुमणीची वर्षाला एकच पिढी होते, म्हणून एक मादी मेली की पुढची कितीतरी मुळे वाचली.

पण एकट्याने करून भागत नाही. शेजाऱ्याच्या लिंबावरचा भुंगेरा आपल्या वावरात यायला परवानगी मागत नाही. तेव्हा पहिला वळीव पडला की गल्लीतल्या सर्वांनी मिळून बाहेर पडावे, ही विनंती.