आश्रमाच्या पंगतीत विद्यार्थी

पुण्यात एका चहाच्या पेल्याने एकदा केवढे वादळ उठविले, हे आपणांपैकी अनेकांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये काही नामांकित गृहस्थ व्याख्यानास गेले. तेथे चहा पुढे आला. आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही पुढे प्रायश्चित्ताच्या प्रश्नास तोंड द्यावे लागले. १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचा वाद पेटला. सदनातील मुली बाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात, अशी तक्रार झाली. रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले, आणि कित्येक पालकांनी मुली घरी नेल्या. जो आपल्या मुलांना आसरा देतो, तो त्यांच्या धर्माशी कसा वागेल? ही शंका पुणेकर गृहस्थाच्या मनात तेव्हापासून घर करून राहिली, आणि ती निराधार होती असेही म्हणता येणार नाही.

अशा या शहरात ख्रिस्ती मंडळींनी महाविद्यालयीन तरुणांमध्ये कार्य करावयाचे, तर ते कोणत्या रीतीने? विद्यार्थ्यांची ख्रिस्ती चळवळ मुळात जगभरची. १८९५ साली स्वीडनमधील वाडस्टेना येथे जॉन मॉट प्रभृतींनी तिचा जागतिक संघ स्थापिला; हिंदुस्थानातील चळवळ १९१२ मध्ये संघटित झाली; आणि १९२८ साली जागतिक संघाची बैठक म्हैसूर येथे भरली. परंतु सभा भरविणे निराळे आणि संशयाने पाहणाऱ्या शेजाऱ्याचा विश्वास संपादन करणे निराळे.

हे दुसरे काम ज्यांनी अंगावर घेतले, त्यांपैकी जॅक विन्स्लो हे एक इंग्रज धर्मोपदेशक होत. कवी नारायण वामन टिळकांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. टिळकांनी १९१७ साली संन्यस्त वृत्ती स्वीकारून ‘देवाचा दरबार’ काढला. ख्रिस्ताची भक्ती देशी वेषात व देशी वाणीत व्हावी, ही त्यांची तळमळ. विन्स्लोंनी १९२२ साली अहमदनगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे, ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापिला. पुढे संघ पुण्यास आला, आणि शेतकी महाविद्यालयाजवळ, शिवाजीनगरात, त्याचा आश्रम उभा राहिला. सोबत विद्यार्थ्यांच्या निवासाचीही सोय झाली.

आश्रमाची राहणी साधी होती. अंगावर खादी, जेवण शाकाहारी, पंगत जमिनीवर. आणि त्या पंगतीत इंग्रज व हिंदी बंधू समान मानाने बसत. ज्या काळी बहुतेक गोरे गृहस्थ कँपात निराळे राहत, त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. चहाच्या पेल्याने जे अंतर वाढविले होते, ते येथे भाकरीच्या ताटाने कमी करावयाचे होते.

मात्र समतेची किंमतही द्यावी लागते. १९२७ साली संघात आलेले तरुण व्हेरियर एल्विन १९२८ च्या आरंभी साबरमतीस गेले आणि गांधीजींच्या विचाराने भारले गेले. सत्याग्रहाचा पक्ष त्यांनी उघडपणे घेतला, तेव्हा सरकारची नजर त्यांच्यावर फिरली. पुढे ते संघातून बाहेर पडले आणि शामराव हिवाळे यांच्यासह १९३२ साली गोंडांच्या मुलुखात राहावयास गेले. १९३४ मध्ये संघही दुभंगला: ब्रह्मचर्यव्रती बंधूंचा ‘ख्रिस्त प्रेम सेवा संघ’ वेगळा झाला. त्याचे पुढारी विल्यम लॅश १९४७ साली मुंबईचे बिशप झाले.

नंतर आश्रमाचे कार्य मंदावले. पण १९७२ साली रोमन कॅथलिक व अँग्लिकन या दोन्ही पंथांच्या भगिनींनी एकत्र येऊन तो पुन्हा जागविला. मुंबईच्या सोफिया महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या सारा ग्रँट त्यांपैकी एक. शांकर वेदान्ताचा त्यांचा अभ्यास सखोल होता.

या इतिहासाचे तात्पर्य केवळ ख्रिस्ती मंडळींपुरते नाही. विद्यार्थी घरापासून दूर असतो, वयाने कोवळा असतो, आणि आसरा देणाऱ्याचा ऋणी असतो. त्या ऋणाचा फायदा न घेता त्यास सहवास देणे हीच अशा कोणत्याही कार्याची कसोटी होय, मग ते चर्चचे असो, मठाचे असो वा पक्षाचे. १८९३ च्या पालकांनी विचारलेला प्रश्न आजच्या पालकांनीही प्रत्येक वसतिगृहाच्या दारात अवश्य विचारावा. आणि उत्तर प्रामाणिक मिळाले, तर पंगतीला बसावयास संकोच करू नये.