हातघाईची तालीम

पहाटे शिरड शहापूरहून औंढ्याच्या दिशेने निघालं की रस्त्याच्या कडेने पळणारी पोरं भेटतात. कुणी सैन्यभरतीच्या १.६ किलोमीटरसाठी पळतो, कुणाच्या डोळ्यासमोर हिंगोलीचा राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ असतो, तो ५ किलोमीटरची तयारी करतो. भरतीत पारख होते ती मुख्यतः पायांची. हातांना काम पडतं ते बीम मारताना, गोळा फेकताना. अंगावर गणवेश चढल्यावर मात्र या पोरांना एक विद्या नव्याने शिकावी लागते. इंग्रजीत तिची नावं बदलत राहिली. मराठीत तिच्यासाठी एकच नेमका शब्द आहे, हातघाई. तोफा थांबतात, बंदूक भरायला उसंत नसते, समोरचा हाताच्या अंतरावर येतो, तेव्हा लढाई हातघाईवर येते.

हिंगोलीला हा शब्द परका नाही. निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची इथे छावणी होती. रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावं त्या छावणीची आठवण आजही सांगतात. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली आणि तिच्या घोडदळातून डेक्कन हॉर्ससारखी पथकं पुढे आली. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर, मशिनगनच्या काळात, हाय वूडजवळ याच डेक्कन हॉर्सच्या स्वारांनी हातात भाले घेऊन घोडे घातले. रिसाला बाजारातून जाताना मला दर वेळी ती संध्याकाळ आठवते. दख्खनच्या या फौजेचा वारसा इतक्या दूर जाऊन भिडला होता.

सैन्यात शिकवणाऱ्याला 'उस्ताद' म्हणतात. आपल्या तालमीतला 'वस्ताद' तो हाच. पुण्यातल्या गंज पेठेत लहुजी साळवे यांनी तालीम चालवली, दांडपट्टा आणि कुस्ती शिकवली. जोतिराव फुले आणि वासुदेव बळवंत फडके त्यांच्याकडे शिकले. म्हणून त्यांच्या नावापुढे 'वस्ताद' कायमचं लागलं. शब्द एकच असला तरी आखाड्यातून सैन्यात गेलेल्या पोराला उस्तादापाशी बरंच विसरावं लागतं.

कुस्तीत समोरच्याची पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली. रणात तसं नाही. शत्रूला धरून तुम्हीही खाली गेलात, तर तुमची पाठ त्याच्या साथीदारासमोर उघडी पडते. म्हणून सैनिकाने शक्यतो उभं राहायचं, पडलाच तर आधी उठायचं. आखाड्यात अंगावर लंगोट असतो. इथे डोक्यावर हेल्मेट, पायात जड बूट, पाठीवर ओझं, खांद्याला रायफल. पट काढायला वाकलात तर पाठीवरचं ओझंच तोल घालवतं. उलट समोरच्याच्या अंगावरचे पट्टे धरायला सापडतात, ही सोय कुस्तीत नाही.

म्हणून शिक्षणाची सुरुवात मारण्यापासून होत नाही, पडण्यापासून होते. पडताना माणूस स्वभावतः हात ताठ पुढे करतो. त्यात मनगट तरी मोडतं, नाहीतर गळ्याखालचं हाड. हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा, हात तिरका पसरून तळव्याने जमिनीवर चापट मारायची, म्हणजे आघात अंगभर वाटला जातो. हे शेकडो वेळा करायचं, विचार न करता अंगाने करेपर्यंत. पुढे पवित्रा, पकडीतून सुटणं, गळा आवळला गेल्यावरची सुटका, सुऱ्याचा वार चुकवणं. डाव मोजकेच, आणि तेही ढोबळ. जिवावर बेतलं की काळीज धडधडतं, बोटं थरथरतात, नाजूक कसब हाताशी राहत नाही. शांघायच्या पोलिसांत वर्षानुवर्षं काम केलेल्या विल्यम फेअरबेर्न यांनी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंना शिकवताना हेच सूत्र धरलं होतं. डाव थोडे, साधे, आणि घोटून घोटून पक्के.

सगळ्यात जुना धडा संगिनीचा. पवित्रा घ्यायचा, धावायचं, ओरडत भोसकायचं, संगीन खेचून काढायची आणि पुढच्या पुतळ्याकडे वळायचं. बळ मनगटातून येत नाही, मागच्या पायातून येतं. आपला दांडपट्टा हेच शिकवतो. त्याच्या मुठीवरचं लोखंडी आवरण मनगट जखडून टाकतं, त्यामुळे वार खांद्यातून आणि कमरेतूनच फिरवावा लागतो. २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे. मिरवणुकीबाहेर, तालमीत तो पोरांच्या हाती आला तर तो आनंद दुणावेल.

आणि ती आरोळी. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात रिक्रूट 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' शिकतो, त्यात अभिमान आहेच, पण शरीराची गरजही आहे. ओरडताना श्वास बाहेर पडतो, पोट आवळतं, भीतीने आखडलेले पाय सुटतात. पायदळाच्या प्रत्येक बटालियनमध्ये 'घातक' जवानांची एक निवडक तुकडी असते. त्यांचं कमांडो प्रशिक्षणही बेळगावातच होतं.

क्षेपणास्त्रांच्या काळात हे कशाला, असं पोरांचे वडील विचारतात. १५ जून २०२० ची गलवानची रात्र त्याचं उत्तर देते. भारत-चीन यांच्यातल्या १९९६ च्या कराराने प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून २ किलोमीटरच्या आत गोळीबाराला मनाई आहे. त्या रात्री गोळी सुटली नाही. दगड, दांडे, सळया आणि हात यांनी लढाई झाली, चौदा हजार फुटांच्या आसपास, गोठवणाऱ्या नदीकाठी. कर्नल संतोष बाबूंसह २० जवान गेले. एवढ्या उंचीवर दोन मिनिटांच्या झोंबाझोंबीत दम निघून जातो. त्यामुळे तिथे डावाइतकाच दम वाचवण्याचा सराव मोलाचा. पुढे लष्कराने 'आर्मी मार्शल आर्ट्स रुटीन' नावाचा सराव आणला. त्याच्या आद्याक्षरांचं नाव होतं 'अमर'.

या विद्येचा विषय निघाला की मी मात्र एका कोकणी तरुणाची गोष्ट सांगतो. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, वय २२. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी मशिनगनच्या माऱ्यात सापडली. घाडगे सोडून सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे धावत गेले. हातगोळ्याने मशिनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी केले, एकाला टॉमीगनने टिपलं. आणखी दोघे उरले होते आणि मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. घाडगेंनी टॉमीगन नळीकडून धरली आणि दस्त्याने त्या दोघांना संपवलं. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत शिरल्या. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह सापडला नाही. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि इटलीत, कॅसिनोच्या स्मारकावर, ज्यांना कबर मिळाली नाही अशांच्या यादीत त्यांचं नाव कोरलेलं आहे.