जुहूच्या देवमाशाने दिलेला धडा 🐋

जानेवारी २०१६ मध्ये जुहू चौपाटीवर सुमारे ३५ फुटी ब्रायड्स देवमासा मृतावस्थेत वाहून आला. बघ्यांची तोबा गर्दी झाली आणि शेवटी त्याला वाळूतच पुरावं लागलं.

असा देह म्हणजे माहितीचा खजिना! कानात साठलेल्या मळाच्या थरांवरून वयाचा अंदाज येतो, त्वचेच्या छोट्या तुकड्यातून डीएनए मिळतो, चरबीत समुद्रातलं प्रदूषण सापडतं, पोटातून आहार कळतो. पण उन्हात देह झपाट्याने कुजतो, त्यामुळे तज्ज्ञ आणि प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर हवेत.

म्हणून सागरी सस्तन प्राण्यांचं प्रादेशिक संशोधन केंद्र आपल्या मुंबई उपनगरातच व्हायला हवं. पाया तयारच आहे. वर्सोव्यात केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. मुलुंडहून पूल ओलांडला की ऐरोलीत कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. शिवाय समुद्र जाणणारे कोळी बांधव आहेत. जाळं कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं.

किनाऱ्यावर जिवंत डॉल्फिन किंवा देवमासा दिसला तर गर्दी हटवा, अंग ओलं ठेवा, डोक्यावरच्या श्वासछिद्रात पाणी जाऊ देऊ नका आणि लगेच वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पोस्ट शेअर करा!