तीन दशांश मिलिमीटरची भिंत

अमरावती-अकोल्याकडच्या एखाद्या जुन्या देशमुखी वाड्यात परवान्याची रायफल दिसलीच, तर पाहणारा म्हणेल, ही तर पोलिसांची थ्री नॉट थ्री! तोच मागेपुढे सरकणारा बोल्ट, तीच पोटाखाली डोकावणारी मॅगझिनची पेटी. फरक नळीच्या आत असतो. थ्री नॉट थ्रीचा बोअर .३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर. हिचा .३१५ इंच, म्हणजे ८. अंतर फक्त ०.३ मिलिमीटर. चार केस शेजारी शेजारी ठेवले की भरेल एवढं! पण शिपायाची रायफल आणि शिकाऱ्याची रायफल यांच्यातली कायद्याची भिंत तेवढ्याच जागेत उभी आहे.

इंग्रज सरकारला धास्ती होती ती पलटणीच्या कोठारातून काडतुसं पळवली जाण्याची. म्हणून हिंदुस्थानात सैनिकी बोअर खाजगी माणसाला बंद केला. शिकार मात्र कुणाला सोडायची नव्हती. मग बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने ली-एनफिल्डचीच यंत्रणा घेऊन तिला ऑस्ट्रियन फौजेच्या जुन्या मानलिखर काडतुसाची नळी बसवली. त्या काडतुसाच्या पितळी पुंगळीची लांबी ५० मिलिमीटर, .३०३ची ५६, एकाचं काडतूस दुसऱ्याच्या घरात बसत नाही. चालही बेमालूम, कारण चोरी करायला इथे ऑस्ट्रियन पलटणच नव्हती! पुढे कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यानेही पाच गोळ्यांची .३१५ स्पोर्टिंग रायफल बनवली.

बाकीचे बदल म्हणजे मुख्यतः उतरवण्याची कामं. सैनिकी रायफलच्या नळीवर टोकापर्यंत लाकूड असे, कारण भराभर गोळ्या झाडून नळी तापे आणि संगीन लावून भिडायचीही वेळ येई. शिकाऱ्याला एक, फार तर दोन बार पुरेत. मग पुढचं लाकूड गेलं, संगिनीची खुंटी गेली, दहाची पेटी पाचवर आली. पहिल्या महायुद्धाआधीच्या ली-एनफिल्डवर तर २,८०० यार्डांपर्यंत, म्हणजे अडीच किलोमीटरपलीकडे, नेम धरायची वेगळी खूण असे. अख्ख्या तुकडीने एकदम गोळ्यांचा पाऊस पाडावा म्हणून. तुरीच्या वावरात शिरलेल्या रोह्यासाठी, म्हणजे नीलगायीसाठी, तिचा काय उपयोग?

खरं नवल गोळीचं आहे. सैनिकी गोळीवर टोकापर्यंत कठीण धातूचं कवच असतं, म्हणून ती आरपार जाते. ईशापूरपासून फार लांब नसलेल्या दमदमच्या शस्त्रागारात १८९०च्या दशकात टोकाचं शिसं उघडं ठेवलेली गोळी तयार झाली. ती अंगात शिरताच फुलते. १८९९च्या हेग परिषदेत युद्धासाठी फुलणारी गोळी निषिद्ध ठरली. शिकारीत नेमकं उलट! तिथे फुलणारी गोळीच दयेची मानतात, कारण आरपार गेलेली गोळी जनावराला ठार न करता पांगळं करून सोडते. १९०७ साली जिम कॉर्बेटने मारलेल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचे उजवीकडचे सुळे जुन्या गोळीनेच मोडलेले होते. एकच गोष्ट रणांगणावर क्रूर आणि रानात दयाळू ठरावी, हे मला अजूनही पचत नाही. पण तर्क बिनचूक आहे.

वऱ्हाडात हौसेच्या शिकारीला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लगाम घातला, आणि १९७४मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला. रानडुकरं आणि रोही मात्र कपाशी-हरभऱ्यात शिरतच राहिले. उभ्या पिकाची नासधूस होत असेल, तर त्या कायद्याचं कलम ११ वनखात्याला मारण्याची परवानगी देण्याची मुभा देतं. १९५९च्या शस्त्र कायद्याने निव्वळ पीकराखणीसाठी ज्या बंदुकीचं नाव घेतलं, ती मात्र .३१५ नाही, साधी ठासणीची आहे. याच कायद्यात रायफलची नळी आखूड करायलाही स्वतंत्र परवाना लागतो. आजोबांची रायफल असली तरी गावच्या लोहाराकडे नेऊन कापून आणता येत नाही.