नियम थोडे म्हणून खेळ उथळ?

टेबलावरचे युद्धखेळ वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट रुजला आहे: हवाई लढाईचा खेळ जितका किचकट, तितका खरा. १९७७ साली एसपीआयने काढलेल्या डेव्हिड इस्बी यांच्या 'एअर वॉर'सारख्या खेळांनी तो पक्का केला. वेग, उंची, विमानाचा कल, सगळ्याची नोंद ठेवायची. त्या मापाने अँडी चेंबर्स यांचा 'ब्लड रेड स्काइज' (वॉरलॉर्ड गेम्स, २०१८) पोरखेळ वाटतो. उंचीचा आकडाच नाही. विमानाचं नाक वर असेल तर वरचढ, आडवं असेल तर बरोबरीत आणि खाली असेल तर अडचणीत, एवढ्या तीनच अवस्था.

पण या तीन अवस्थांमध्ये नेमकं काय साठवलंय, ते पाहायला हवं. ओस्वाल्ड ब्योल्के या लढाऊ वैमानिकाने १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, जर्मन वैमानिकांसाठी जे नियम घालून दिले, त्यांत पहिला आग्रह हल्ल्याआधी वरचढ स्थिती मिळवण्याचा होता. उंची म्हणजे साठवलेला वेग, आणि तो कधी खर्चायचा हाच खरा निर्णय. खेळात नेमकं हेच करावं लागतं. एक पायरी खाली उतरून जादा अंतर कापता येतं किंवा जादा वळण घेता येतं. पण उतरलात की तुम्हीच सावज. साधारणपणे आपल्यापेक्षा खालच्या अवस्थेतल्या विमानावरच गोळीबार करता येत असल्याने आधी शत्रूला खाली आणावं लागतं, आणि त्यासाठी दोन-तीन विमानांचा मेळ बसवावा लागतो. कागदावरचा हिशेब गेला, डोक्यातला वाढला.

विमानांमधला फरकही पुसला जात नाही. मेसरश्मिट १०९च्या इंजिनात इंधन थेट फवारलं जायचं, त्यामुळे वैमानिक नाक झटक्यात खाली दाबून सूर मारू शके. तेच करताना १९४० मधल्या स्पिटफायरचं मर्लिन इंजिन कार्ब्युरेटरमुळे क्षणभर गुदमरायचं. वळणात मात्र स्पिटफायर सरस. खेळात एकाला सूर मारण्याचा आणि दुसऱ्याला आखूड वळणाचा गुण दिलेला आहे, आणि तेवढ्यावरून दोन्ही बाजूंचे डावपेच वेगळे होतात.

'शेवटी सगळं फाशांवरच ना?' हा आक्षेप अर्धाच खरा आहे. एखादं विमान फासे वाचवतील. पण दडपणाची खूण म्हणून बाजूवर साचणाऱ्या 'बूम' चकत्या उरलेल्या विमानांहून जास्त झाल्या की डाव हातचा जातो. त्यामुळे दडपण कुठे वाढवायचं आणि कुठून काढता पाय घ्यायचा, यावरच निकाल ठरतो. खरी पथकंही शेवटचं विमान पडेपर्यंत लढत नसत.

दुसरा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. एकाच वैमानिकाच्या जागी बसून दारूगोळा मोजायचा असेल, नेमक्या कोनातून झडप घालायची असेल, तर हा खेळ अपुरा पडतो. तो बसवतो पथकप्रमुखाच्या जागी. तसा खेळाडू निदान 'विंग्ज ऑफ ग्लोरी'कडे वळू शकतो. तिथे पहिल्या महायुद्धातल्या विमानाच्या पुढच्या तीन हालचाली पत्त्यांनी गुपचूप ठरवाव्या लागतात. तोही हलकाच खेळ आहे, पण त्यात प्रतिस्पर्धी कुठे वळेल याचा अंदाज चुकला की विमान भलत्याच दिशेला जातं.